डोर्लीकर काकांचा बंब

डोर्लीकर काकांच्या घरी गेलात आणि पाणी मागितलंत, तर ते विचारतात, "कोणत्या बॅचचं?"

पहिल्यांदा मला हा विनोद वाटला आणि मी हसलो. काका हसले नाहीत. ते फ्रीज उघडून उभे होते. आत दुधाच्या धुतलेल्या कॅनमध्ये भरलेलं पाणी ओळीनं मांडलेलं होतं. प्रत्येक कॅनवर चिकटपट्टी, तिच्यावर बॅचचा नंबर आणि खाली वळणदार अक्षरात "पहिली धार काढून टाकली आहे" असा शेरा. मी गडबडून "कुठलंही चालेल" म्हणालो. मुलीचं स्थळ घेऊन आलेल्या माणसानं "मुलगा कुठलाही चालेल" म्हणावं तसं काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच विचार करून एक कॅन उचलला. पाण्याला चव नव्हती. पाण्याला चव असते हे आपल्याला ती गेल्यावरच कळतं, हा माझा त्या घरातला पहिला धडा.

आता हे पाणी कुठून येतं ते सांगायला हवं. टेक्सासात, प्लेनो गावातल्या आमच्या रस्त्यावर सगळ्यांची घरं सारखी आणि सगळ्यांची गराजंही सारखी. दोन गाड्यांची जागा. काकांच्या गराजमध्ये एकही गाडी नाही. तिथे तांब्याची एक भट्टी आहे, घरच्या घरी व्हिस्की गाळायची. खाली पोटाळं भांडं, वर कांद्यासारखा घुमट, घुमटातून निघालेली वाकडी नळी आणि वाफेचं पाणी करणारं थंड नळकांडं. काकू त्या सगळ्या प्रकाराला "बंब" म्हणतात. त्यांच्या माहेरी न्हाणीघरात असा तांब्याचा बंब होता म्हणे, फक्त तो आंघोळीच्या कामाचा होता. काकांच्या दोन्ही गाड्या बाहेर उघड्यावर असतात. टेक्सासची गारपीट झाली की त्यांच्या टपांवर नवे खड्डे पडतात आणि काका सकाळी बाहेर येऊन आधी बंब शाबूत असल्याचं समाधान व्यक्त करतात.

बरं, माणूस शौकीन असता तर समजू शकलो असतो. काका स्वतः थेंबभरही घेत नाहीत. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर अल्कोहोलचं नाव दिसलं तर ते मधात हळद घालून चाटतात. एका लग्नात सगळे शॅम्पेनचे ग्लास उंचावत होते तेव्हा काकांनी मठ्ठ्याचा ग्लास उंचावला होता. पण दारूच्या दुकानात गेले की तास तास बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचणार, दुकानदाराला बार्लीबद्दल प्रश्न विचारणार आणि रिकाम्या हातानं बाहेर येणार. मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही पीत नाही, मग कशाला हा उद्योग?"

"बॉयलरमध्ये काम केलं म्हणून मी वाफ पीत होतो का रे?" काका म्हणाले.

काका मूळचे नागपूरचे. आयुष्यभर बॉयलर, नळ्या आणि वाफ ह्यांच्यात वावरलेले. इथल्या कंपनीतून रिटायर झाल्यावर हाताला काम राहिलं नाही, म्हणून हा छंद असणार, असा मी निष्कर्ष काढला. माझे निष्कर्ष नेहमी असे झटपट निघतात.

त्या घरात तिसरा माणूस म्हणजे शिरीष. काकूंचा धाकटा भाऊ. पंचेचाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या थोडंच आधी तो काकांकडे आला होता. एका हार्डवेअरच्या दुकानात काम करायचा आणि तिथे जायचा चक्क ट्रेननं. प्लेनोत धडधाकट माणूस गाडी न चालवता ट्रेननं जातो, हे पाहून माझ्या बायकोला, केतकीला, त्याच्याबद्दल फार आदर वाटायचा. "किती एन्व्हायर्नमेंट कॉन्शस आहे यार, आणि तू कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडी काढतोस," असं ती मला ऐकवायची.

कॅनवरचं ते वळणदार अक्षर शिरीषचं, बंबाच्या नोंदींची वहीही तोच लिहायचा. आणि व्हिस्कीचा खरा जाणकारही तोच. कुठल्या लाकडाच्या पिंपात कसली चव उतरते, हे तो डोळे मिटून सांगायचा. पण गेली कितीतरी वर्षं त्यानं बाजारातल्या व्हिस्कीला हात लावला नव्हता. हे सगळ्या मित्रमंडळींत प्रसिद्ध होतं. पार्टीत कुणी ग्लास पुढे केला की शिरीष मान हलवायचा. "आपली तयार होऊ दे. पहिला घोट तिचाच." लोक वाहवा करायचे. मीसुद्धा करायचो. बंबातून पहिली खरी धार कधी पडते, ह्याकडे आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांचे डोळे लागले होते, पण शिरीष तिच्यासाठी जीभ राखून बसला होता. त्यासाठी त्याच्याइतकं थांबलेलं कुणीच नव्हतं.

आणि धार काही पडत नव्हती. कारण काकांच्या मते भांडं अजून तयार नव्हतं.

भांडं निवडायलाच काकांना आठ महिने लागले होते, असं काकू सांगतात. स्टीलचं की तांब्याचं, बुटकं की उंच, गॅसवर ठेवायचं की विजेवर. काकांनी तक्ता केला, तो डायनिंग टेबलवर मावेना म्हणून भिंतीवर लावला आणि मग भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. "भांडं आधी, माल नंतर," हे त्यांचं ब्रीदवाक्य. "माणसं काय करतात? घाईनं भांडं घेतात आणि मग आयुष्यभर त्या भांड्याची समजूत घालत बसतात." शेवटी स्टीलचं एक लहान भांडं आलं. ते कुकरसारखं दिसतं म्हणून काकूंनी त्याला शिटी आहे का विचारलं. चार महिन्यांत काकांनी निकाल दिला, की स्टीलमध्ये गंधकाचा वास मरत नाही, तांबंच पाहिजे. मग तांब्याचं आलं. त्याच्या जोडांना पीठ लावून वाफ अडवायची जुनी पद्धत आहे, असं काकांनी कुठेतरी वाचलं आणि काकूंची पोळ्यांसाठी मळलेली कणीक उचलून नेली. चाचणी झाल्यावर नळीवरून उतरलेली ती भाजकी पट्टी काकांनी लोणच्याबरोबर खाऊन पाहिली आणि वहीत नोंद करायला लावली: "जोड ठीक. मीठ कमी."

मग गॅस जाऊन वीज आली. मग थर्मामीटर बदलला, कारण जुना अर्धा डिग्री खोटं बोलत होता. मग घुमट आणि नळी ह्यांच्या मध्ये एक उंच खांब बसवायचं ठरलं. वाफ त्या खांबात चढता चढता शुद्ध होते म्हणे. खांब इतका उंच झाला, की गराजचं दार वर सरकलं तर त्यावर आपटेल. काकांनी आत पाटी लावली: "दार उघडू नये." दोन महिने दार उघडलं नाही. तिसऱ्या महिन्यात, सगळं जुळत आलेलं असताना, काकूंनी भाजी घेऊन येताना सवयीनं गाडीतला रिमोट दाबला. खांबाचा पार धनुष्यबाण झाला. शिरीष डोक्याला हात लावून बसला. काका मात्र शांत. "होते नं बाप्पा असं. बिनखांबाचं पुन्हा करू. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?" बायकोवर एवढं न चिडणारा इंजिनिअर मी त्याआधी पाहिला नव्हता.

दर शनिवारी सकाळी दोघं मेहुणे-भाऊजी बंब पेटवायचे आणि त्यात नुसतं पाणी गाळायचे. कारण कायदा. इथे घरात बिअर करा, वाइन करा, सरकार काही म्हणत नाही. पण दारू गाळलीत की गुन्हा. काका तर असे कायदेशीर, की रिकाम्या रस्त्यावर स्टॉपच्या पाटीशी थांबून मनात तीन आकडे मोजतात. "परवान्याचं पुढे पाहू. आधी भांडं." तोवर पाणी. ते शुद्ध पाणी सगळ्या रस्त्याला पुरायचं. कुणाच्या इस्त्रीत, कुणाच्या गाडीच्या बॅटरीत. मी झोपताना तोंडाला श्वासाचं मशीन लावतो, त्यात डोर्लीकरांचंच पाणी. मी घोरत नाही ह्याचं श्रेय केतकी बंबाला देते.

मग एक दिवस आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली, की घरी दारू गाळण्याच्या बंदीवर कोर्टानं काहीतरी उलटा निकाल दिला. नीट वाचलं तर तो मोजक्या लोकांपुरता होता आणि पुढे वाद चालूच राहणार होता. पण नीट वाचतो कोण? तासाभरात त्याचं "घरी व्हिस्की लीगल झाली" असं झालं आणि काकांवर अभिनंदनाचा वर्षाव सुरू झाला. "काका, आता काय राहिलं? चढवा बंब!" काका ग्रुपवर नमस्काराचं चित्र टाकत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हा माझा पेशा, आणि मी त्यात कुप्रसिद्ध आहे. ऑफिसात माझ्या सहीवाचून काही बाहेर जात नाही आणि सही मी सहजासहजी करत नाही. माझ्यामुळे एक प्रोजेक्ट इतका लांबला, की तो सुरू करणारा मॅनेजर दुसऱ्या कंपनीत जाऊन, तिथे कंटाळून परत आला.

"निखिल," काका म्हणाले, "तू चुका काढण्याचा पगार घेतोस म्हणे."

"हो काका."

"मग आमच्या बंबाच्या काढून दे नं. कडक पाहा. नात्यागोत्याचा विचार करू नको."

मला केवढा अभिमान वाटला! सत्तरीचा जाणता इंजिनिअर माझ्याकडून तपासणी करून घेतोय. मी चौसष्ट मुद्द्यांची यादी केली. सलग तीन शनिवार गराजमध्ये स्टूल टाकून बसलो. तापमान किती वेळात चढतं, विजेचा झटका बसतो का, पाणी कमी झालं तर हीटर आपोआप बंद होतो का, सगळं पाहिलं. शिरीष प्रत्येक आकडा वहीत लिहीत होता. काका माझ्या मागे उभे राहून विचारत होते, "सापडलं का काही?" मी नाही म्हटलं, की ते म्हणायचे, "घाई नाही. पुन्हा पाहा." मला वाटलं, केवढी ही विद्यार्थ्यासारखी नम्रता.

आता एक कबुली द्यायला हवी. तिसऱ्या शनिवारी, बंब चाळीस मिनिटं चालल्यावर, घुमट आणि नळीच्या जोडाला घाम आला. एकच थेंब. बोटानं पुसला, तर दहा मिनिटांनी पुन्हा आला. ऑफिसात ह्याच्या दहाव्या हिश्श्यावर मी चार लोकांचा वीकेंड खराब केला असता. आणि इथे तर पाण्याच्या वाफेऐवजी दारूची वाफ असली, तर त्या थेंबातून गराज पेटू शकलं असतं. पण मी मान वर केली तर काका थकलेले दिसले. एवढ्या वर्षांची मेहनत, एवढी अपग्रेड्स, आणि मी एका थेंबासाठी म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं? मी वहीतल्या यादीत त्या ओळीपुढेही बरोबरची खूण केली. म्हटलं, प्रत्यक्ष व्हिस्की करायच्या आधी हळूच सांगू. नोकरीत कधी न दाखवलेला चांगुलपणा मी त्या दिवशी दाखवला.

"काका," मी उठून उभा राहिलो आणि नाट्यमय आवाजात म्हणालो, "चौसष्टपैकी चौसष्ट. पास!"

मला वाटलं होतं टाळ्या पडतील. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच वळल्या आणि ट्रेसकट आत गेल्या. काका "बरं" म्हणाले आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. शिरीषनं वही मिटली. त्यानं तांब्याच्या भांड्यावर हात ठेवला. ते अजून चांगलंच गरम होतं, पण त्यानं हात लगेच काढला नाही. "म्हणजे झालंच," तो म्हणाला.

"झालंच!" मी म्हणालो. मला एकट्यालाच आनंद झाला होता.

रविवारी सकाळी आमची बेल वाजली. काका. हातात पाण्याचा कॅन नव्हता, असे ते आमच्या दारात कधीच आले नव्हते. आत आले, सोफ्यावर टेकले आणि केतकीनं पुढे केलेला चहा तसाच ठेवून म्हणाले, "तू पास काहून केलंस रे?"

"म्हणजे?"

"मी तुला चुका काढायला बोलावलं होतं. माझं डोकं संपलं होतं बाप्पा. साडेचार वर्षं मी एकटा चुका काढून राहिलो होतो त्या बंबात. स्टील बदललं, गॅस बदलला, थर्मामीटर चांगला होता तरी बदलला. आता काय बदलू? म्हटलं, हा पोरगा तरबेज आहे, हा वर्षभर तरी अडवून धरेल. आणि तू चौसष्टपैकी चौसष्ट देऊन मोकळा!"

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, बॉयलरचा रिपोर्ट द्यावा तसं. शिरीष प्यायचा. नुसता शौक नव्हता, सकाळी उठल्यापासून प्यायचा. मोठी नोकरी होती, ती गेली. मुलीला शाळेतून आणताना गाडी झाडावर घातली. मुलीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण बायको तिला घेऊन शिकागोला निघून गेली आणि त्यात तिचं काही चुकलं नाही, असं काका म्हणाले. लायसन्स गेलं होतं ते पुढे परत मिळालं, पण त्यानं गाडीची चावी आपण होऊन काकांच्या हातात ठेवली. डॉक्टर झाले, औषधं झाली. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा मीटिंग सांगून बारमध्ये गेला.

"सगळे त्याला म्हणत होते, सोड. मी दारूतलं काय जाणतो? पण वाफेतलं जाणतो. कोंडली की भांडं फुटते. सोड म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी प्यायचा. मग एकदा मी म्हटलं, सोडू नको, थांब. बाजारातलं कसलं पितोस, आपण आपली करू. एक नंबर करू. पण तोवर बाहेरची नाही, नाहीतर जिभेला आपली कळणार नाही. ते त्याला पटलं, निखिल. त्याला सोडणं जमत नव्हतं. थांबणं जमून राहिलं आहे."

केतकी डोळे पुसत होती.

"वाटलं होतं, आठ महिने निवडण्यात काढू, तेवढ्यात सुटेल. मग वाटलं अजून वर्ष. मुलगी आता दर रविवारी फोनवर बोलते त्याच्याशी. आधी बोलत नव्हती. खांब बसला तेव्हा मला काही सुचत नव्हतं. तुझ्या काकूनं रिमोट चुकून दाबला असं वाटलं का तुला?"

माणूस किती मूर्ख असू शकतो, हे मला त्या सकाळी सोफ्यावर बसून नीट कळलं. पाच घरं सोडून राहणारा मी, दर आठवड्याला त्यांचं पाणी नेणारा मी, चुका शोधण्यात पटाईत असलेला मी. मला ट्रेननं जाणारा पर्यावरणप्रेमी दिसला, व्हिस्कीसाठी जीभ राखणारा रसिक दिसला, छंदिष्ट म्हातारा दिसला. आणि पास म्हणून ओरडलो तेव्हा समोर तिघांचे चेहरे पडले, तेही दिसले नाहीत. मला माझीच लाज वाटली. त्या वेळी दुसरं काहीच वाटलं नाही.

"काका," मी म्हणालो, "एक थेंब होता."

"कुठे?"

"घुमटाच्या जोडाला. मी मुद्दाम लिहिला नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "घाम?"

"घाम. पुसला की पुन्हा येतो. नियमाप्रमाणे नापास, काका. सपशेल नापास."

"अरे मग चल नं!" काका उठलेसुद्धा. "चहा नंतर. तू त्याला सांग. माझ्या तोंडून ते आता खरं वाटणार नाही. तू सांग, माझी चूक झाली, मी पाहिलं नाही."

रस्त्यानं चालताना मी वाक्यं जुळवत होतो. पेशाच्या भाषेत सांगायचं, म्हणजे शंका येणार नाही. दारूची वाफ, ठिणगी, गराजला आग. सगळं खरंच होतं, तरी मला खोटं बोलायला चाललोय असं वाटत होतं. आणि मनात सारखा एकच हिशोब चालला होता, की कालपासून शिरीष त्या "पास" बरोबर एकटा आहे. काकाही भरभर चालत होते. त्यांचे गुडघे दुखतात, एरवी ते असं चालत नाहीत.

गराजचं दार उघडं होतं. शिरीष जमिनीवर ताडपत्री अंथरून बसला होता आणि त्याच्याभोवती अख्खा बंब सुटा करून ठेवलेला होता. भांडं एकीकडे, घुमट एकीकडे, नळी, नळकांडं, कड्या, बोल्ट, सगळं ओळीनं. काकू मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला हातानंच थांबा म्हणून खुणावलं.

मी थांबलो नाही. पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. "शिरीष, अरे माझी एक मोठी मिस्टेक झाली. त्या जोडाला..."

"घाम येतो," शिरीष म्हणाला. "हो. मी पहिल्याच शनिवारी पाहिलंय." त्यानं शेजारची वही माझ्याकडे सरकवली. तिसऱ्या शनिवारच्या पानावर माझी बरोबरची खूण होती आणि तिच्या शेजारी बारीक वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "निखिलनं पाहिला. लिहिला नाही." आधीच्या दोन्ही शनिवारांच्या पानांवरही त्या जोडाची नोंद होती, ती मी कधी वाचलीच नव्हती.

"मग तू काल बोलला का नाहीस?"

त्यानं हातातली कडी फडक्यानं पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. मग काकांकडे न बघता म्हणाला, "काल हा पास म्हणाला ना भाऊजी, तेव्हा मला वाटलं होतं की आनंद होईल. मला भीती वाटली. एवढी भीती मला त्या झाडावर गाडी गेली तेव्हासुद्धा वाटली नव्हती. म्हणून सकाळी उठून सगळं खोललं."

काकांनी गुडघ्यावर हात ठेवून, एरवी साफ नाही म्हणतात तरी, जमिनीवर बसायला सुरुवात केली. मी हात द्यायला गेलो, तो त्यांनी बाजूला केला. ताडपत्रीवर शिरीषच्या समोर बसून त्यांनी घुमट मांडीवर घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ही कड झिजली आहे," ते म्हणाले. "नवा घुमट करावा लागेल. आपण दोघं मिळून ठोकून काढू, विकतचा नको."

"किती दिवस लागतील?"

मला वाटलं, काका आता हिशोब सांगतील. पत्रा मागवायला इतके दिवस, ठोकायला इतके, चाचण्यांना इतके. त्यांनी घुमट खाली ठेवला.

"तुला किती पाहिजेत?" काकांनी विचारलं.

शिरीषनं हातातली कडी ओळीत तिच्या जागी ठेवली. काकू दारातून हलल्या नाहीत.

"सध्या एक वर्ष द्या, भाऊजी," तो म्हणाला. "ते झालं की मी पुन्हा मागीन."